सुयांवर आणि उशाशी

स्मरणिकेसाठी दोन-चार पाने लिहून द्यावीत, असा निरोप संपादक मंडळाकडून आला तेव्हा विषय कोणता घ्यावा, हा प्रश्न पडला. शाळेचा इतिहास इतरांनी लिहिला आहे आणि तो माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने लिहिला आहे. विचार करीत असतानाच एका जुन्या विद्यार्थिनीचा दूरध्वनी आला. ‘जय भीम बाई’ झाल्यावर तिने नेहमीचेच दोन प्रश्न विचारले : ‘सध्या सुयांवर काय आहे? आणि उशाशी कोणतं पुस्तक आहे?’ वसतिगृहात राहून गेलेली बहुतेक मुले-मुली मला हेच दोन प्रश्न विचारतात. त्यांच्या आठवणीत मी एक तर विणत असते किंवा वाचत असते. म्हणून ठरविले की, या दोन प्रश्नांचेच उत्तर या वेळी सर्वांना मिळून द्यावे. उत्तर देताना एक जुने देणेही सांगावे लागेल. ते आजवर मी कोणाला सांगितलेले नाही.

मी या शाळेत मराठी शिकविण्यासाठी आले आणि वर्षभरातच मुलींच्या वसतिगृहाची जबाबदारी माझ्याकडे आली. काष्टीची थंडी बाहेरच्या माणसाला खरी वाटत नाही. हा दुष्काळी मुलूख म्हणून ओळखला जातो. परंतु घोड आणि कुकडीच्या कालव्यांचे पाणी आल्यापासून सगळीकडे ऊस उभा आहे. मार्गशीर्षात त्या ओल्या रानांवरून पहाटे जे वारे येते ते खिडकीच्या फटीतूनही अंगाला झोंबते. पहाटेच्या वंदनेला मुली सतरंजीवर बसत. त्रिसरण म्हणताना लहान मुलींच्या दातांवर दात आपटत आणि ‘दुतियंपि’ हा शब्द तर हमखास अडखळे. त्या आवाजानेच मी पहिल्यांदा सुया हातात घेतल्या. विणकाम मला माझ्या शाळेतल्या हस्तव्यवसायाच्या तासाने शिकविले होते. तेव्हा ते मला मुळीच आवडत नसे. इथे आल्यावर त्याचा उपयोग कळला. दहा वर्षांच्या मुलीच्या स्वेटरला साधारण अडीचशे ग्रॅम लोकर लागते आणि शाळा, स्वयंपाकघर, आजारपणे सांभाळून विणायचे म्हटले तर तीन ते चार आठवडे लागतात. म्हणजे एका हिवाळ्यात चार, फार तर पाच स्वेटर होतात. मुली साठ असत. हा हिशेब कधीच जमला नाही. त्यामुळे कोणाला प्रथम, हे ठरविणे विणण्यापेक्षा अवघड असे.

आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर. सध्या माझ्याकडे तीन कामे चालू आहेत.

पहिले काम अगदी लहान आहे : एका माजी विद्यार्थिनीच्या बाळासाठी पांढरे मोजे. एक झाला आहे, दुसऱ्याची टाच वळवायची आहे. त्याविषयी अधिक सांगण्यासारखे काही नाही. बाळाची आई वसतिगृहात असताना आपले मोजे नेहमी हरवीत असे, एवढे मात्र नोंदवून ठेवते.

दुसरे काम म्हणजे एक आसन. काष्टीच्या शनिवारच्या बाजारात गुरे, शेळ्या, मेंढ्या येतात, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. तिथे एका धनगर मावशींकडून मी हाताने कातलेले काळे सूत घेतले. दख्खनी मेंढीची लोकर आखूड आणि भरड असते. तिची घोंगडी होते, चिंचोक्याची खळ दिली की ती पावसालाही दाद देत नाही, पण लहान मुलाच्या अंगाला मात्र ती टोचते. दुकानात मिळणारी मऊ रंगीत ‘लोकर’ बहुतेक वेळा लोकर नसतेच. ती ॲक्रिलिकची, म्हणजे खनिज तेलापासून केलेल्या धाग्याची असते. ती धुवायला सोपी आणि स्वस्त असते. मुलांसाठी मीही तीच वापरते. पण जिच्या दारावरून मेंढरांचे कळप जातात त्या शाळेत खऱ्या लोकरीची एकही वस्तू नसावी, याची मला खंत वाटे. मावशी म्हणाल्या, ‘बाई, आता लोकर कोण घेतंय? कातरणीची मजुरीबी निघत नाही.’ म्हणून ते सूत घेतले आणि जाड सुयांवर ध्यानाच्या खोलीसाठी आसन विणायला घेतले. साध्या सुलट टाक्यांचे आहे. एकेका सुईला मनगटे दुखून येतात, पण आसन मात्र पाटासारखे घट्ट होते आहे.

तिसरे काम निळ्या स्वेटरचे. पाठ झाली आहे. अठ्ठ्याऐंशी टाके, बॉर्डर दहा नंबरच्या सुयांवर आणि पुढचे आठ नंबरवर. पुढचा भाग काखेपर्यंत आला आहे. ही लोकर नवी नाही, उसवलेली आहे. तिच्याविषयी पुढे सांगते, कारण ते सांगण्यापूर्वी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागेल.

उशाशी सध्या धर्मानंद कोसंबींचे ‘बौद्धसंघाचा परिचय’ आहे. १८७६ साली गोव्यातील साखवाळ येथे जन्मलेला हा मनुष्य बुद्धाचा धर्म शिकण्यासाठी घरदार सोडून निघतो, नेपाळपर्यंत जातो, सिंहलद्वीपात जाऊन पाली शिकतो. त्यांचे ‘निवेदन’ हे आत्मकथन मी वर्गात अनेकदा सांगितले आहे. संघाविषयीचे हे पुस्तक मात्र पूर्वी चाळले होते, वाचले नव्हते. आता सावकाश वाचते आहे आणि त्याच्या निमित्ताने विनयपिटकातील नियम शोधीत गेले. तिथे मला जे सापडले त्याने माझ्यासारख्या विणणारीला हसूही आले आणि नवलही वाटले. भिक्षूंच्या नियमांत मेंढीच्या लोकरीविषयी ओळीने नियम आहेत! लोकरीचे आसन करायचे तर काळी लोकर दोन भाग, पांढरी एक भाग आणि तपकिरी एक भाग घ्यावी. एकदा केलेले आसन सहा वर्षे वापरावे. वाटेत लोकर मिळाली आणि वाहून नेणारे कोणी नसेल तर भिक्षूने ती स्वतः तीन योजनांपर्यंत न्यावी, त्यापुढे नेऊ नये. आणि नवे बसण्याचे आसन करताना जुन्या आसनाचा वीतभर तुकडा त्यात अवश्य घालावा, म्हणजे नव्याची शोभा थोडी उणी होईल आणि त्याचा मोह राहणार नाही.

हा शेवटचा नियम वाचला तेव्हा आसनाच्या सुया हातातच होत्या. ते निर्दोष व्हावे म्हणून मी दोनदा उसवले होते. माझे मलाच हसू आले.

आनंदाची गोष्टही विनयातच आहे. कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दान दिली. राजा रागावला. हा श्रमण एवढ्या वस्त्रांचे दुकान थाटणार आहे काय? त्याने जाऊन विचारले. आनंद म्हणाला, ज्या भिक्षूंची चीवरे विरली आहेत त्यांना वाटीन. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांचे पलंगपोस करू. जुन्या पलंगपोसांचे? गाद्यांचे अभ्रे. त्यांचे पुढे? जमिनीवरची अंथरूणे, मग पायपुसणी, मग धूळ झाडण्याची फडकी. आणि ती फडकीही जीर्ण झाली की त्यांचे बारीक तुकडे करून चिखलात कालवू आणि जमीन लिंपू. राजाने संतुष्ट होऊन आणखी पाचशे वस्त्रे दिली. मी ही गोष्ट सहावीच्या वर्गाला सांगितली. एक मुलगा चटकन म्हणाला, ‘बाई, आमची आजी असंच करती. लुगड्याची गोधडी, गोधडीचं पोतेरं.’ पंचवीसशे वर्षांचे अंतर त्या पोराने एका वाक्यात मिटविले.

लोकरीचाच आणखी एक नियम आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. काही भिक्षू आपली लोकर धुण्याचे, रंगविण्याचे आणि पिंजण्याचे काम भिक्षुणींकडून करवून घेत. त्या कामात भिक्षुणींचे पठण आणि साधना मागे पडू लागली. महाप्रजापती गौतमीने ही गोष्ट भगवंतांच्या कानावर घातली आणि नात्याबाहेरच्या भिक्षुणीकडून असे काम करवून घेण्यास बंदी झाली. स्त्रियांचा अभ्यास बुडतो म्हणून त्यांच्या हातातले लोकरीचे काम काढून घेणारा हा नियम आहे. हे वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ बसून राहिले.

कारण हा वाद आपल्या शाळेतही झाला होता. काही पालकांनी आग्रह धरला होता की, बाईंना येतेच आहे तर मुलींना विणकाम-शिवणकाम सक्तीचे करावे, पुढे संसारात उपयोगी पडेल. मी नकार दिला. मुली हुशार होत्या आणि संध्याकाळचा तो एक तास त्यांच्या गणिताचा होता. ज्यांना हौस आहे त्यांनी रविवारी शिकावे, मुलांनीही शिकावे, असे ठरले. त्या रविवारच्या वर्गात सर्वांत सुबक वीण एका मुलाची होती. तो आज एसटीत वाहक आहे आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे आगारात त्याच्याइतका उत्तम मफलर कोणाकडेच नाही.

तरीही हाताच्या कामाला मी कमी लेखत नाही. ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३) यंदा पुन्हा वाचले. आयदान म्हणजे बांबूच्या विणलेल्या टोपल्या-सुपांसारख्या वस्तू. त्यांची आई त्या विणून संसार चालवीत असे, आणि आईचे विणणे व आपले लिहिणे यांची वीण एकच आहे, असे लेखिकेला वाटते. त्यांनी मीनाक्षी मून यांच्यासह लिहिलेल्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) या ग्रंथातील स्त्रियाही अशाच. घरची भाकरी थापून, मोलमजुरी करून त्या सभांना गेल्या, परिषदांत बोलल्या. हात कामात आणि डोके गुलामीत, ही जोडी त्यांनी तोडली. हाताचे काम शिक्षणाच्या आड येते तेव्हा त्याला थांबवावे आणि एरवी त्याचा मान राखावा, एवढाच अर्थ मी या दोन्ही वाचनांतून घेतला.

आता निळ्या लोकरीविषयी.

चौदा वर्षांपूर्वी आठवीत एक मुलगी होती. तिचे नाव इथे लिहीत नाही. कदाचित ती हे वाचील, कदाचित वाचणार नाही, आणि तिच्या आयुष्याची गोष्ट सांगण्याचा अधिकार तिचा आहे. जामखेडकडच्या गावातली, आईबाप ऊसतोडीला जाणारे. आपल्या भागात हे नवे नाही. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन निघतात आणि कारखान्यांचे हंगाम संपेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत, उसाच्या फडाशेजारी कोप्या घालून राहतात. मुलगी वाचनात अशी की, कपाटातली पुस्तके संपल्यावर ती वर्तमानपत्राच्या रद्दीचे तुकडे जुळवून वाचत असे. तिच्याजवळ स्वेटर नव्हता. त्या वर्षी पहिला मान तिचा, असे मी ठरविले. तिने रंग सांगितला : निळा. आपल्या निळ्या झेंड्याचा निळा, फिका नको.

दिवाळीच्या सुट्टीहून ती परतली नाही. आईबरोबर एकदा पुस्तके न्यायला आली तेव्हा आई म्हणाली, ‘बाई, पोरगी संगं न्यावी लागती. धाकटं लेकरू हाय. आम्ही दोघं फडात गेल्यावर त्याला कोण सांभाळील? पाडव्याला आणून सोडते.’ मी समजावले, पण फार नाही. मुलीने जाताना स्वेटरच्या झालेल्या पाठीवरून हात फिरविला आणि म्हणाली, ‘बाह्या लांब करा बाई, पाडव्यापर्यंत मी वाढेन.’

मी बाह्या लांब करायला घेतल्या. त्या हिवाळ्यात अनेकदा मनात आले की, तिला शोधून काढावे आणि आईबापांशी पुन्हा बोलावे. प्रत्येक वेळी मी स्वतःला सांगितले, स्वेटर पुरा होऊ दे, मग तो घेऊनच जाऊ, रिकाम्या हाताने कसे जायचे? दुसरी बाही मनगटापासून विणायला घेतली तेव्हा फेब्रुवारी संपला होता. मार्चमध्ये एका पालकाकडून कळले की, तिची टोळी सारा हंगाम भीमेच्या पलीकडे, दौंड तालुक्यात होती. शाळेपासून गाडीने तासाभराच्या वाटेवर. मी दुसऱ्या दिवशी गेले. फड तुटून गेला होता. पाचट जाळलेल्या काळ्या रानात चुलीचे तीन दगड तेवढे होते. पाडव्याला ती आली नाही. जूनमध्येही आली नाही. पुढच्या वर्षी तिचे लग्न झाल्याचे कानावर आले. ती तेव्हा चौदा वर्षांची असेल.

एका बाहीचा तो स्वेटर मी ट्रंकेत ठेवला. पूर्ण केला नाही आणि कोणाला दिलाही नाही. वसतिगृहात दर हिवाळ्यात कुडकुडणाऱ्या मुली होत्या आणि माझ्या ट्रंकेत अडीचशे ग्रॅम लोकर माझ्या दुःखाचे स्मारक म्हणून पडून होती. हे मला इतक्या स्पष्टपणे यंदाच दिसले, आणि ते महाप्रजापती गौतमीमुळेच दिसले. मज्झिमनिकायात दक्खिणाविभंग नावाचे सुत्त आहे. गौतमी स्वतः सूत कातून, स्वतः विणून वस्त्रांची एक जोडी भगवंतांकडे घेऊन येते. ज्याला तिने अंगावर पाजून वाढविले त्याच्यासाठीच तिने ती विणलेली असते. भगवान ती घेत नाहीत. संघाला दे, असे सांगतात. ती पुन्हा विनविते, ते पुन्हा तेच सांगतात. पूर्वी हे सुत्त वाचताना मला त्या म्हाताऱ्या मावशीची कणव येत असे. भगवंतांनी घ्यायला काय हरकत होती, असे वाटे. आता वाटते, एका माणसासाठी जीव लावून केलेले काम त्याच्यापाशीच अडकून राहू नये, ज्यांना त्याची आज गरज आहे त्यांच्यापर्यंत ते जावे, हे त्या सांगण्यात असावे.

या श्रावणात मी तो स्वेटर उसवला. चौदा वर्षे घडीत राहिलेला धागा कुरळा होऊन येत होता. त्याची खुर्चीच्या पाठीवर लड घातली, सैल बांधली, कोमट पाण्यात रिठ्याने धुतली आणि खाली वजन टांगून सावलीत वाळविली. धागा सरळ झाला. थोडा विटला आहे, पण निळा आहे. त्यातला वीतभर विणलेला तुकडा मात्र उसवला नाही. तो काळ्या आसनाच्या कोपऱ्यात बसविला आहे. आसन त्यामुळे दिसायला बेंगरूळ झाले आहे आणि नियमाप्रमाणे ते तसेच व्हायला हवे होते.

उरलेल्या लोकरीचा स्वेटर सहावीतल्या एका मुलीसाठी आहे. तिचेही आईबाप तोडीला जातात, तिच्याही घरी धाकटा भाऊ आहे. पण यंदा मी स्वेटर पुरा होण्याची वाट पाहिली नाही. दसऱ्यापूर्वीच मुख्याध्यापक सर आणि मी, दोघे रिकाम्या हातांनी तिच्या गावी गेलो. ओट्यावर बसून तीन तास बोललो. अडचण नेमकी तीच निघाली : भावाला कोण सांभाळणार? शेवटी त्याची आजी, आईची आई, त्याला ठेवून घ्यायला तयार झाली. तिच्या औषधपाण्याचा खर्च आमच्यातल्या दोघा-तिघांनी उचलला आहे. आई म्हणाली, ‘संक्रांतीपर्यंत बघू बाई.’ म्हणजे अजून काही पक्के झालेले नाही. मुलगी मात्र आज वसतिगृहात आहे, आणि आत्ता मी हे लिहीत असताना समोरच्या बाकावर बसून उद्याचे पाढे पाठ करते आहे.

१९२४ साली बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी सभेने सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. शिकणाऱ्या मुलाला आधी राहायला छप्पर हवे, हे त्यांनी किती आधी ओळखले होते! आज सरकारी हंगामी वसतिगृहे आहेत, आपली शाळा आहे, छप्पर पुष्कळ ठिकाणी आहे. तरी दर वर्षी दिवाळीनंतर काही बाक रिकामे होतात. ते का रिकामे होतात, याचे कारण बहुधा घरातले एखादे धाकटे मूल, म्हातारी किंवा मुकादमाची उचल असते. ते कारण पत्राने कळत नाही, जाऊन ओट्यावर बसावे लागते.

माजी विद्यार्थ्यांनो, तुम्ही विचारता, ‘बाई, शाळेसाठी काय पाठवू?’ लोकर पाठवा, पुस्तके पाठवा, दोन्ही लागतात. पण भाद्रपद उतरला की एक दिवस काढून आपापल्या तालुक्यातल्या एका घरी जाऊन या. यादी शाळेच्या कार्यालयात मिळेल. रिकाम्या हाताने गेलात तरी चालेल.

मोज्याची टाच अजून वळवायची आहे आणि स्वेटरच्या बाह्या बाकी आहेत. या वेळी त्या मनगटापर्यंतच ठेवणार आहे. मुलगी वाढली तर इथेच माप घेऊन पुढे विणता येतील.

भवतु सब्ब मंगलं.